लेबर रूमची पोस्टिंग नकोशी वाटते? ती निभावायची कशी

ड्युटीलिस्ट लागली आणि नावापुढे ‘लेबर रूम’ (प्रसूतीची खोली) दिसलं की नर्सिंगच्या बॅचमध्ये कुणीतरी आजारी पडतं, कुणी मेडिसिन वॉर्डवाल्या मैत्रिणीशी अदलाबदल करू बघतं. जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) ही पोस्टिंग तिसऱ्या वर्षी येते, बीएस्सीला नव्या अभ्यासक्रमात सहाव्या-सातव्या सेमिस्टरला. टाळून ती सुटत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात थिअरीला ८० टक्के हजेरी चालते, पण प्रॅक्टिकलची हजेरी पदवी हातात पडण्याआधी १०० टक्के भरून द्यावीच लागते. बुडवलेले दिवस मग परीक्षेनंतर, बाकीच्या घरी गेल्यावर, एकटीने भरत बसायचे.

इथे लेबर रूमची गोडी लावण्याचा आग्रह नाही. पुढे आयसीयूत जा, कम्युनिटीत जा, तुमची मर्जी. पण ही पोस्टिंग बाईला त्रास न होता, स्वतःला इजा न होता आणि केसबुक (हाताळलेल्या केसेसची वही) खऱ्या केसेसनी भरून कशी पार पडेल, एवढं बघू.

आधी नेमकं काय नको आहे ते शोधा

‘मला लेबर रूम आवडत नाही’ या वाक्याखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय निराळा असतो. पहिले तीन दिवस ड्युटी संपल्यावर खिशातल्या डायरीत दोन ओळी लिहा: आज कुठला तास सगळ्यात वाईट गेला आणि त्या वेळी समोर काय चाललं होतं. एवढ्यानं चित्र स्पष्ट होतं.

कुणाला रक्त, वास आणि उकाडा सोसत नाही. कुणाला बायकांचं ओरडणं ऐकवत नाही. कुणाला रुग्ण बाईवर कर्मचाऱ्यांनी डाफरणं बघवत नाही. कुणावर सिस्टर किंवा रेसिडेंट डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडलेले असतात. एखादीच्या घरात बाळंतपणात कुणी गेलेलं असतं, किंवा तिच्या स्वतःच्या बाबतीत काही घडलेलं असतं. आणि खूप जणींचा खरा वैताग निव्वळ उभं राहण्याचा असतो: सहा-सात तास भिंतीला टेकून दहा जणी उभ्या, कुणी काही सांगत नाही, काही करू देत नाही. हा शेवटचा प्रकार सगळ्यात सोपा सुटतो, म्हणून त्याकडे पुढे जास्त जागा दिली आहे.

कारण स्वतःच्या आयुष्यातलं असेल तर मात्र तीन दिवस थांबू नका. पोस्टिंग सुरू होण्याआधी ट्युटर मॅडमना एकटीने भेटा. तपशील सांगायची गरज नाही. ‘मॅडम, वैयक्तिक कारणामुळे मला लेबर रूम जड जाणार आहे. आधी अँटिनेटल (गरोदर बायकांची) ओपीडी आणि पोस्टनेटल (बाळंतिणींचा) वॉर्ड करून मग लेबर रूमला गेले तर चालेल का?’ एवढं पुरतं. रोटेशनचा क्रम बदलणं मॅडमच्या हातात असतं, पोस्टिंग माफ करणं नसतं. त्यामुळे मागणी क्रमाचीच करा.

जाण्याआधीच्या आठवड्यात

हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) पूर्ण झालेत का ते बघा. झाले असतील तर शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी तपासून घ्यायची असते. ती १० mIU/ml किंवा जास्त आली म्हणजे संरक्षण आहे. लेबर रूममध्ये रक्त आणि गर्भजल अंगावर उडतंच, त्यामुळे हे काम पुढे ढकलण्यातलं नाही. पुढून बंद, धुता येणारे बूट घ्या. कापडी बूट एकदा भिजले की दिवसभर तसेच राहतात. बदलायला एक जोड कपडे बॅगेत असू द्या.

अभ्यास सगळा करायला जाऊ नका. चारच गोष्टी पक्क्या करून जा: पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकतेय त्याचा तक्ता) कसा भरायचा, बाळाचे ठोके कुठे आणि कसे ऐकायचे, वार (प्लॅसेंटा) पडण्याच्या टप्प्यात काय करायचं, आणि न रडणाऱ्या बाळाचं पहिलं मिनिट.

पहिल्या दिवशी ट्रे पाठ करा

पहिल्या दिवशी डिलिव्हरी बघायला धडपडू नका. इन्चार्ज सिस्टरना नाव, वर्ष आणि आजवर काय काय केलंय ते एका वाक्यात सांगा, आणि मग ट्रेंकडे वळा. आपल्याकडच्या सरकारी लेबर रूममध्ये सात ट्रे ठरलेले असतात: डिलिव्हरी ट्रे, एपिसिओटॉमी (बाळाची वाट रुंद करायला द्यायचा छेद) ट्रे, बेबी ट्रे, मेडिसिन ट्रे, इमर्जन्सी ड्रग ट्रे, एमव्हीए (हातपंपाने गर्भाशय रिकामं करण्याचा) ट्रे आणि पीपीआययूसीडी (बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवण्याचा) ट्रे. प्रत्येकात काय आहे, तो कुठल्या कप्प्यात आहे आणि कुठला वापरून झाल्यावर पुन्हा भरायचा राहून जातो, ते बघून ठेवा. बेबी ट्रेमध्ये गरम केलेले दोन टॉवेल, म्यूकस एक्स्ट्रॅक्टर (चिकट स्राव ओढायची नळी), श्वास द्यायची बॅग आणि मास्क, कॉर्ड क्लॅम्प (नाळेचा चिमटा), व्हिटॅमिन के ही मंडळी हवीत. नेमका मास्क बऱ्याचदा नवजात बाळाच्या मापाचा नसतो. तो आधीच बसवून बघा.

ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं इंजेक्शन) ट्रेमध्ये सापडत नाही म्हणून नवखी मुलगी गोंधळते. ते फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवलेलं असतं आणि वेळेवर काढायचं असतं. झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट आणि त्याचा उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट इमर्जन्सी ट्रेमध्ये आहेत ना, याची खात्री करा. झटके आलेली बाई स्ट्रेचरवरून आत येते तेव्हा सगळे एकदम ओरडायला लागतात. त्या वेळी मागितलेली वस्तू दहा सेकंदांत हातात देणारी विद्यार्थिनी सिस्टरच्या लक्षात राहते, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला नावानं हाक मारली जाते.

एक काम धरा आणि ते सोडू नका

नुसतं उभं राहण्यावर उपाय हाच. लेबर रूममध्ये असं एक काम आहे जे सतत करायचं असतं, ज्याला दोन हात आणि एक घड्याळ पुरतं, आणि गर्दीच्या दिवशी नेमकं तेच मागे पडतं: बाळाचे ठोके आणि कळा मोजून पार्टोग्राफवर लिहिणं. सिस्टरना सांगा, ‘सिस्टर, दोन नंबरच्या ताईंचा पार्टोग्राफ मी भरू का? दर अर्ध्या तासानं तुम्हाला दाखवते.’ याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

मग त्याच बाईजवळ थांबा. पोटावर हात फिरवून बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे ते आधी चाचपा. डोकं खाली असेल तर ठोके बहुधा बेंबीच्या खाली, पाठीच्या बाजूला मिळतात. कळ ओसरली की लगेच ऐकायला सुरुवात करा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण कळेनंतर मंदावलेले ठोके नेमके त्यात निसटतात. ऐकताना दुसऱ्या हाताची बोटं आईच्या नाडीवर ठेवा. दोन्ही एकाच तालात लागले तर तुम्ही आईचेच ठोके मोजताय. ११० ते १६० च्या बाहेर आकडा गेला तर बाईला डाव्या कुशीवर वळवा आणि लगेच सिस्टरना सांगा. ‘अजून एकदा बघते’ म्हणत दहा मिनिटं घालवू नका. पहिल्या टप्प्यात (गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत) दर अर्ध्या तासाने, दुसऱ्या टप्प्यात (तिथून बाळ बाहेर येईपर्यंत) दर ५ मिनिटांनी ऐकायचं असतं.

कळांसाठी गर्भाशयाच्या वरच्या टोकावर तळवा अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली, ते लिहायचं. आईची नाडी अर्ध्या तासाने. रक्तदाब, ताप आणि पीव्ही (गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय ते बघायची आतली तपासणी) चार तासांनी. पीव्ही तुम्ही करायची नाही. ज्यांनी केली त्यांना विचारून आकडा लिहायचा. आपल्याकडचा सोपा पार्टोग्राफ तोंड ४ सेंमी उघडल्यापासून सुरू होतो आणि अलर्ट लाइन (सावध करणारी रेघ) ताशी १ सेंमीच्या हिशेबाने चढते. काही ठिकाणी जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा लेबर केअर गाइड आला आहे, तो ५ सेंमीपासून भरतात. तुमच्या वॉर्डात कुठला कागद आहे ते आधी बघा. नाहीतर पहिल्याच खुणेला चूक होते आणि पुढची सगळी रेघ सरकते.

विद्यार्थी सर्रास करतात ती गडबड म्हणजे शिफ्ट संपताना मागचे चार तास एकदम, अंदाजाने भरणं. सगळे ठोके १४०, सगळ्या कळा दहा मिनिटांत तीन. असा कागद रेसिडेंट एका नजरेत ओळखतात. त्याहून वाईट म्हणजे न ओळखता त्यावर विसंबतात.

झटके आलेल्या किंवा बीपी चढलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल तर तिच्याजवळही विद्यार्थ्याला भरपूर काम असतं: श्वास मिनिटाला १६ च्या खाली नाहीत ना, गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतोय ना, लघवी तासाला ३० मिलीहून कमी नाही ना. यातलं काहीही बिघडलं तर पुढचा डोस थांबतो. या तीन नोंदी नीट ठेवल्यात तर तुम्ही त्या खोलीत कामाचं माणूस आहात.

उभं कुठे राहायचं

बघायचं म्हणून सगळे पायांच्या बाजूला गर्दी करतात. ज्यांना ही पोस्टिंग नको आहे त्यांनी बाईच्या डोक्याशी उभं राहावं. तिथून रक्त कमी दिसतं, ट्रॉलीला धक्का लागत नाही आणि तिथे खरोखर माणूस हवं असतं.

जाऊन आधी विचारा, ‘ताई, मी शिकाऊ सिस्टर आहे. तुमच्याजवळ थांबू का?’ ती नको म्हणाली तर मागे व्हा. हो म्हणाली तर नाव विचारा, ओठ ओले करा, घाम पुसा, कळ आली की हात द्या. दोन बोटंच द्या, अख्खा पंजा दिलात तर कळेत तो असा आवळला जातो की दुसऱ्या दिवशी पेन धरवत नाही. कमरेवर, माकडहाडाच्या जरा वर, तळव्याच्या मागच्या भागाने घट्ट दाब दिला तर बऱ्याच जणींना आराम पडतो. नको वाटलं तर ती स्वतःच सांगते.

‘जोर लाव’ असं तुम्ही सांगू नका. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर लावला तर बाई दमते, गर्भाशयाच्या त्या तोंडाला सूज येते आणि गोष्ट लांबते. सिस्टरनी सांगेपर्यंत तोंडाने हळू श्वास सोडायला लावा.

ओरडणं ज्यांना सोसत नाही त्यांनाही हीच जागा मदत करते. भिंतीपाशी उभं राहून ऐकलेली किंकाळी अंगावर येते. हात धरलेल्या बाईची कळ कधी चढतेय आणि कधी उतरतेय हे मात्र तुम्हाला कळत असतं, आणि ती उतरणार हे माहीत असतं.

गरगरलं तर

लेबर रूममध्ये चक्कर येते ती फक्त रक्तामुळे नव्हे. बाळ गारठू नये म्हणून खोलीचं तापमान २६ ते २८ अंश ठेवायचं असतं, वर रेडियंट वॉर्मर (बाळाला ऊब देणारा हीटर) तापत असतो, तुम्ही मास्क, टोपी, गाऊन चढवून अर्धा तास न हलता उभ्या, आणि मॉर्निंगला साडेसातची बस गाठायच्या घाईत न्याहारी राहिलेली. पायात रक्त साचतं, घाम येतो, नाडी मंदावते आणि माणूस कोसळतं.

म्हणून ड्युटीआधी एक-दीड तास काहीतरी पोटभर खा. चहा-बिस्कीट म्हणजे खाणं नव्हे. पाणी पीत राहा. उभं असताना गुडघे ताठ करून ठेवू नका, पोटऱ्या आवळा-सोडा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्या. कानात आवाज दबल्यासारखा झाला, घशाशी आलं, डोळ्यांपुढे धूसर झालं की ती पहिली खूण. तेव्हा:

१. ट्रॉली आणि बाईपासून मागे या आणि शेजारणीला ‘मला गरगरतंय’ असं मोठ्यानं सांगा.
२. तिथेच जमिनीवर बसा, शक्य असेल तर आडव्या होऊन पाय वर घ्या.
३. मांड्या आणि नितंब घट्ट आवळा, मुठी आवळा.
४. बरं वाटल्यावर लगेच उठू नका, दहा मिनिटं बसा.

लाजेपोटी एकटीने बाहेर कॉरिडॉरकडे चालत जाणं हे सगळ्यात धोक्याचं. मुली तिथेच पडतात, आणि फरशीवर डोकं आपटतं.

सवय पायरीपायरीने होते. पहिले दोन दिवस पहिल्या टप्प्यातल्या बायका, मग ट्रेमध्ये ठेवलेली वार तपासणं, मग डोक्याशी उभं राहून डिलिव्हरी, आणि शेवटी पायांच्या बाजूने. वार हातात घेऊन तिचे सगळे तुकडे जागेवर आहेत का, पडदे पूर्ण आहेत का हे बघायची एकदा सवय झाली की रक्ताची भीती बरीच ओसरते, कारण डोळे रक्त सोडून काहीतरी शोधत असतात.

वासाचं म्हणाल तर निम्मा वास ब्लीचिंग पावडरचा असतो आणि तो बहुधा प्रमाण चुकल्यामुळे असतो. तुमच्याकडे ०.५ टक्के क्लोरीनचं द्रावण वापरत असतील तर १ लिटर पाण्याला १५ ग्रॅम, म्हणजे सपाट तीन चमचे पावडर. आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यायची, मग उरलेलं पाणी, बादली प्लास्टिकची. अंदाजाने मूठभर टाकली की डोळे झोंबतात, आणि अवजारं दहा मिनिटांऐवजी तासभर पडून राहिली की गंजतात. हे काम विद्यार्थ्यांकडेच येतं. तेव्हा चमचा वापरा.

बाळ बाहेर आल्यावर

सगळी धांदल इथे होते, आणि आपण कशात हात घालायचा हे ठरलेलं नसलं तर विद्यार्थी नुसता सगळ्यांच्या वाटेत येतो. क्रम डोक्यात असू द्या.

बाळ आईच्या पोटावर, गरम टॉवेलने पुसायचं, ओला टॉवेल बाजूला, दुसऱ्याने झाकायचं. रडलं तर तिथेच राहू द्यायचं. पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीत. नाळ १ ते ३ मिनिटांनी बांधायची. मग गर्भाशयाला वरून आधार देत नाळ हलक्या हाताने ओढून वार काढणं, आणि गर्भाशय घट्ट झालंय ना हे तपासणं. यातलं नाळ ओढण्याचं काम देखरेखीशिवाय कधीच करू नका. गर्भाशय सैल असताना ओढलं तर ते उलटं बाहेर येऊ शकतं.

बाळ रडलं नाही तर घड्याळाचं पहिलं मिनिट त्याचं: नाळ कापून वॉर्मरखाली, मान किंचित मागे, गरज असेल तरच तोंड आणि मग नाक साफ, पाठीवर घासून जाग आणणं, आणि तरीही श्वास नसेल तर त्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क, मिनिटाला ४० ते ६० श्वास. तुम्ही करायचं काम: घड्याळ बघून वेळ मोठ्याने सांगणं. ‘तीस सेकंद... एक मिनिट.’ गडबडीत हे कुणी करत नाही आणि सगळ्यांना हवं असतं.

नंतरचे दोन तास लोक विसरतात. दर १५ मिनिटांनी गर्भाशय घट्ट आहे का, पॅड किती भिजलंय, नाडी किती, हे बघायचं. ५०० मिलीच्या वर रक्तस्राव म्हणजे पीपीएच. बेडखाली थारोळं दिसेपर्यंत वाट बघायची नाही. हे दोन तास तुम्ही मागून घ्या. शांत असतात, बाळ पहिल्या तासात अंगावर लावायचं असतं, आणि बाळंतीण बोलते.

बाईवर कुणी डाफरलं तर

हे होतं. कधी शिव्या, कधी मांडीवर चापट, कधी ‘तेव्हा नाही का कळलं’ छापाचं बोलणं. केंद्र सरकारने २०१७ मध्ये आणलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानाने प्रसूती हा एक भागच आहे, आणि बाईसोबत तिच्या घरच्या एका स्त्रीला थांबू द्यावं हेही त्यात येतं. तुम्ही बघताय ते चूक आहे, हे मनाशी पक्कं ठेवा. ‘इथं असंच असतं’ हे पटवून घेऊ नका.

पण डिलिव्हरी चालू असताना सिस्टरशी वाद घालून बाईचं काही भलं होत नाही. त्या क्षणी करता येतं ते असं: बाई आणि ओरडणारी व्यक्ती यांच्या मध्ये, डोक्याशी जाऊन उभं राहा, बाईशी हळू बोला, ‘ताई, माझ्याकडे बघा, आता श्वास सोडा.’ खोलीचा आवाज बऱ्याचदा आपोआप खाली येतो. पडदा ओढलेला नसेल तर ओढा, पांघरूण सरकलं असेल तर घाला. नंतर त्याच दिवशी, तारीख-वेळ लिहून, ट्युटर मॅडमना सांगा.

वरून पोट दाबायला तुम्हालाच सांगितलं तर? गर्दीत हे काम विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं. जागतिक आरोग्य संघटना असा दाब देऊ नये म्हणून सांगते. गर्भाशय फाटण्याचा, बरगडी मोडण्याचा धोका असतो. ‘सिस्टर, मला ते शिकवलेलं नाही, मी ठोके बघते’ म्हणून फिटोस्कोप (बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र) उचला. वादही होत नाही आणि हातही त्यात जात नाही.

सिस्टर तुमच्यावरच ओरडल्या तर कारण बहुधा वेळेचं असतं. तीन बायका कळा देतायत, एक सिझेरियनला पाठवायची आहे, वर ऑनलाइन नोंदी अडल्या आहेत, आणि अशात कुणीतरी विचारतं, ‘सिस्टर, केस मिळेल का?’ प्रश्न डायरीत साठवा, ओव्हर देऊन (पुढच्या शिफ्टला काम सोपवून) झाल्यावर एका वेळी दोन विचारा. मोबाइल लॉकरमध्ये. बाळाचा ‘गोड’ म्हणून काढलेला फोटोसुद्धा गोत्यात आणतो.

केसेसची ओढाताण

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात इंटर्न, रेसिडेंट, बीएस्सी, जीएनएम, एएनएम सगळ्यांना त्याच डिलिव्हऱ्या हव्या असतात. तिथे ऐनवेळी ग्लोव्ह्ज चढवून पुढे आलेलीला केस मिळत नाही. सकाळपासून जिने पार्टोग्राफ भरला, जिला बाई नावाने ओळखते, तिला मिळते. नाइट ड्युटी नको वाटते, पण रात्री गर्दी कमी असते. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पोस्टिंग असेल तर केसेस तिथेच उरकून घ्या.

आणि घरी बसून केस ‘बनवू’ नका. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडम एकच पान उघडतात आणि विचारतात: अलर्ट लाइन किती वाजता ओलांडली, मग काय केलं? बनवलेल्या केसला उत्तर नसतं. ईडीडीसुद्धा (प्रसूतीची अंदाजे तारीख) जुळत नाही. शेवटच्या पाळीची तारीख १० मार्च असेल तर नऊ महिने सात दिवस धरून १७ डिसेंबर यायला हवी. नक्कल केलेल्या केसबुकात ती हमखास चुकलेली असते. केस त्याच दिवशी लिहा, फाइल वॉर्डात असेपर्यंत.

मुलग्यांची अडचण वेगळी. बऱ्याच ठिकाणी त्यांना लेबर रूमच्या दारातच थांबवतात आणि मग ते दिवसभर ओपीडीच्या बाकावर. ट्युटरकडे न्यूबॉर्न कॉर्नर (नवजात बाळांची जागा), एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा कक्ष), अँटिनेटल वॉर्ड मागून घ्या. आत जायला मिळालं तर बाईची परवानगी आणि सोबत महिला कर्मचारी, याशिवाय तपासणीला पुढे होऊ नका.

सुई टोचली तर

टाके घालताना, नाहीतर सुईवर टोपण पुन्हा बसवताना टोचते. टोपण बसवायचंच नाही. सुई आणि ब्लेड थेट पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात. वार पिवळ्या पिशवीत, ग्लोव्ह्ज आणि कॅथेटर लाल, काचेचे अँप्युल निळ्या खोक्यात.

टोचलीच तर पिळू नका, तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, डोळ्यात उडालं असेल तर भरपूर पाण्याने किंवा सलाइनने. मग लगेच, शिफ्ट संपायची वाट न बघता, इन्चार्ज सिस्टरना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांत सुरू करायची असतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नसतो. कोर्स २८ दिवसांचा. बाईची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी बघावी लागते, आणि घटनेची नोंद रजिस्टरला व्हायला हवी. ‘मॅडम रागावतील’ म्हणून लपवण्यात नेमके ते दोन तास जातात.

बाळ गेलं तर

मृत बाळ जन्मल्यावर खोलीत अचानक शांतता होते आणि जो तो कामाचं निमित्त काढून निघून जातो. विद्यार्थ्याने तिथे थांबावं. ‘दुसरं होईल’, ‘देवाची इच्छा’ हे म्हणू नका. ‘ताई, फार वाईट झालं. मी इथं आहे,’ एवढंच. तिला बाळ बघायचं आहे का ते सिस्टरना विचारून हळूच विचारा; काही जणींना बघायचं असतं, काही जणींना नाही, आणि मत बदलू शकतं. रडणाऱ्या बाळांच्या रांगेतला बेड तिला मिळणार असेल तर तो बदलता येतो का विचारा. दोन-तीन दिवसांनी छातीत दूध भरून येईल हे कुणी तिला सांगितलेलं नसतं. ते सांगायला लावा.

तुमचंही काही उरतं. त्या दिवशी ट्युटरजवळ पंधरा मिनिटं बसून काय काय झालं ते क्रमाने सांगा. पुढे झोप उडाली, तेच दृश्य परत परत दिसू लागलं, ड्युटीच्या विचारानेच उलटी होऊ लागली आणि हे दोन आठवडे टिकलं तर तो नावडतेपणा राहिलेला नाही. रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

सही

लॉगबुकवरच्या (केलेल्या कामांची नोंदवही) सह्या शेवटच्या दिवशी एकदम घेऊ असं म्हणू नका. ज्या सिस्टरनी केस करून घेतली त्यांची ड्युटी बदलते, रजा लागते, बदली होते, आणि दुसऱ्या सिस्टर न बघितलेल्या केसवर सही का करतील? दर शनिवारी ओव्हर देऊन झाल्यावर, सिस्टरचा चहा होऊ द्या आणि लॉगबुक, केसबुक आणि पेन तिन्ही एकत्र पुढे ठेवा. पानावर केस नंबर, तारीख आणि बाईचा नोंदणी क्रमांक आधीच लिहिलेला असू द्या. पूर्ण नाव मात्र केसबुकात लिहू नका, आद्याक्षरं पुरतात.